परतीच्या बोलीवर आणलेली गौर

तलावाचं नाव मी लिहीत नाही. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूला राहणाऱ्यांना ते कळेलच आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. शिवाय नाव लिहिलं की कोणीतरी येऊन विचारणार, तुम्हाला हे लिहायला कोणी सांगितलं? मला कोणी काही सांगत नाही. माझा स्वभावच संशयी आहे.

हा स्वभाव मला नोकरीने दिला. इथल्या एका स्टीलच्या कारखान्यात मी भांडी तपासायला होते. पॉलिश होऊन आलेलं पातेलं उजेडात धरायचं, आतून बोट फिरवायचं आणि पोचा किंवा चीर लागली की बाजूला काढायचं. तिथे एक गोष्ट शिकले ती जन्माला पुरली. जिथे चकाकी जरा जास्त असते, तिथे पॉलिशवाल्याने हमखास काहीतरी दाबलेलं असतं. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी कोणी समोर चकचकीत काही ठेवलं की माझं बोट आपोआप आतल्या बाजूला जातं. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते.

तर एके दिवशी तलावाच्या कुंपणावर असाच एक चकचकीत बोर्ड लागला. महापालिका आणि एक कंपनी मिळून तलावाचं सुशोभीकरण करणार होती. ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. चित्रात निळंशार पाणी, पाण्यात होड्या, काठावर गोरीगोमटी माणसं आइस्क्रीम खात बसलेली. मी पिशवी हातात घेऊन बराच वेळ त्या चित्रात ओळखीचा चेहरा शोधला. आमच्या गल्लीतलं त्यात कोणीच नव्हतं.

खरं सांगायचं तर आधीचा तलाव काही मोठा देखणा नव्हता. जलपर्णी माजलेली, कडेला थर्माकोल आणि दुधाच्या पिशव्या, उन्हाळ्यात नाकाला पदर लावून जावं लागायचं. महापालिकेला त्याची आठवण यायची ती निवडणूक जवळ आली की. पण पिंपळाखाली एक बाजू मोकळी होती. तिथे काठाला नुसती माती आणि खडे होते, आणि तिथून आमची गौर यायची.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या घराण्यात गौर खड्यांची. गणपती बसले की पाठोपाठ गौरी येतात, त्या दिवशी घरातल्या बायकांनी पाणवठ्यावर जायचं, काठावरचे पाच खडे उचलायचे, धुऊन ताम्हणात ठेवायचे, वर खण झाकायचा आणि घरी आणायचे. ते खडे म्हणजेच गौर. जिच्या हातात ताम्हण, तिच्या तोंडात पाण्याची चूळ, म्हणजे तिची बोलायची सोयच नाही. बरोबरच्यांनीही उंबरठ्यापर्यंत चकार शब्द काढायचा नाही. कोणी बोललंच तर खडे पुन्हा पाण्यात सोडायचे आणि सगळं पहिल्यापासून. गावी हे ओढ्यावर व्हायचं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिली गौर याच तलावावरून आणली, पुढे मोठ्या जाऊबाई चालत होत्या.

आणि बोर्ड लागला त्याच वर्षी आमच्या मुलाचं लग्न झालं. म्हणजे पुढची गौर नव्या सुनेच्या हातून यायची. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. होड्या आणू देत, कारंजी उडवू देत, पण माझी सून गौर कुठून उचलणार?

सून नागपूरकडची. तिच्या माहेरी महालक्ष्म्या असतात, मुखवट्यांच्या, साड्या नेसवलेल्या, दागिने घातलेल्या. खड्यांच्या गौरीचं ऐकून ती हसली होती. “एवढेसे खडे? बस?” मला ते लागलं होतं. त्यातून तिची नोकरी अशी की माझ्या मनात पाल चुकचुकलीच. सरकार आणि कंपन्या यांच्यात जे करार होतात, त्यांचे मसुदे तयार करणाऱ्या ऑफिसात ती आहे. आमच्या तलावाचा करार तिच्या ऑफिसने केला नव्हता, असं ती म्हणाली. मी तिच्याकडे नीट बघून घेतलं.

जेवताना वाद ठरलेला. आमचे हे महापालिकेतूनच निवृत्त झालेले, त्यामुळे वाटलं होतं की ते तरी महापालिकेची बाजू घेतील. ते आमटी वाढून घेत म्हणाले, “देऊन टाकू दे कंपनीला. आमच्यानं कधी झालं नाही. एक पंप दुरुस्त करायचा तर फाइल चार टेबलं फिरायची.”

“मग पगार कशाचा घेत होता?” मी विचारलं.

“फाइल फिरवायचा,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

सून शांतपणे म्हणाली, “आई, तलाव झाडत बसणं हे सरकारचं काम नाहीच. कोण झाडतोय, नीट झाडतोय की नाही, लोकांना आत जाता येतंय की नाही, हे बघणं सरकारचं काम.”

“ज्याला स्वतःला झाडू मारता आला नाही, तो दुसऱ्याच्या झाडूवर लक्ष ठेवणार?”

ती म्हणाली, “करारात लोकांच्या वापराचं कलम असतंच.” मी म्हटलं, कलम असेल गं, पण ते दारावर उभं राहतं का? दारावर वॉचमन असतो. मुलगा मान खाली घालून जेवत होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, त्याने शहाणपणा केला.

मग एका शाळेच्या हॉलमध्ये नागरिकांसाठी माहितीची सभा झाली. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता, बाजूला महापालिकेचे एक साहेब बसले होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उठले. “गौर कुठून उचलायची?”

कंपनीच्या माणसाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहत उभी. मग साहेब म्हणाले, धार्मिक भावनांचा पूर्ण आदर राखला जाईल. मी म्हटलं, “आदर नको, काठ ठेवा.” लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि चहा आला. चहाबरोबर बिस्किटं होती, तीही चांगल्यापैकी. माझा संशय वाढला तो त्या बिस्किटांनी.

तलावाभोवती पत्रे लागले, महिनोन् महिने आतून मशिनचे आवाज येत राहिले आणि गणपतीच्या जरा आधी तलाव उघडला. मान्य करायला हवं, वास गेला होता. पाणी दिसत होतं. चालायला सुंदर वाट केली होती, संध्याकाळी दिवे लागायचे, आमचे हे तिकीट काढून रोज फिरायला जायला लागले. येऊन मला म्हणायचे, “चल एकदा, बघ तरी.” मी गेले नाही. म्हटलं, जाईन ती गौर आणायलाच जाईन.

गौरीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी निघालो. पुढे मोठ्या जाऊबाई, त्यांचे गुडघे दुखतात पण मान त्यांचा, मध्ये सून, मागे मी. गेटवर तिघींची तिकिटं काढली. जाऊबाईंनी खिडकीतल्या मुलीला विचारलं, “येताना आम्ही चौघी असू. तिचं अर्धं तिकीट की फुकट?” त्या मुलीला काही कळलं नाही. सून तोंड फिरवून हसली, आणि मला ती त्या क्षणी पहिल्यांदा थोडी आवडली.

आत गेलो. काठ नव्हता. जिथे काठ होता तिथे सिमेंटची भिंत, भिंतीवर स्टीलचं रेलिंग. पिंपळ होता, त्याच्याभोवती गोल कट्टा बांधलेला आणि खाली सगळे पेव्हर ब्लॉक. पाण्यापर्यंत हात पोचेल अशी एकच जागा उरली होती, होडीत चढायच्या पायऱ्या. तिथेही खडा म्हणून औषधाला नव्हता. आम्ही पूर्ण चक्कर मारली. मी रेलिंगला हात लावून पाहिला, हलकं स्टील होतं, दोन पावसाळ्यांत गंज धरणार.

जाऊबाई एका दिव्याच्या खांबाशी थांबल्या. “अगं, हे बघ की!” खांबाच्या बुंध्याशी पांढरे गुळगुळीत खडे पसरले होते. शोभेचे. पोत्यातून आणून ओतलेले.

“ताई, हे विकतचे आहेत,” मी म्हटलं. “खडा पाण्याच्या काठचा लागतो.”

“काठावरच आहेत की,” त्या म्हणाल्या. “पाणी त्या बाजूला, आपण या बाजूला. मध्ये भिंत घातली ती आपण घातली का?”

गुडघे धरून उभ्या असलेल्या बाईला आता पार पश्चिमेला मुर्ध्याच्या खाडीवर चल म्हणायचं का? सुनेने वाकून पाच खडे निवडले, होडीच्या पायरीवर बसून धुतले, ताम्हणात ठेवले. जाऊबाईंनी हळदकुंकू वाहिलं, खण झाकला. सुनेने बाटलीतल्या पाण्याची चूळ तोंडात घेतली. आता बोलणं बंद. आम्ही निघालो.

गेटवर एक सिक्युरिटीवाली बाई होती, खाकी कपड्यांतली, बिचारी तरुणच. ताम्हण पाहून पुढे आली. “आंटीजी, थाली में क्या है? अंदर से कुछ ले जाना अलाउड नहीं है.” तिने बोर्डाकडे बोट दाखवलं. फुलं, पानं, रोपं, दगड बाहेर नेण्यास मनाई आहे. मराठीतच होतं, अगदी ठळक.

आम्ही तिघी गप्प.

“बोलिए ना. दिखाइए तो सही.” तिने खणाचं टोक उचललं, खडे पाहिले आणि मागे वळून त्या खांबाकडे पाहिलं. “ये तो कंपनी का है.”

मला जन्मात इतकं बोलावंसं वाटलं नसेल. जिभेवर सगळं तयार होतं, हा तलाव कोणाचा, तुझी कंपनी काल आली, माझ्या पहिल्या गौरीला तुझा जन्मही झाला नव्हता. पण एक शब्द काढला असता तर खडे परत, आणि परत आणायचे कुठून? सुनेची पहिली गौर गेटवरच मोडली असती. शिवाय आतून मला माहीत होतं की बाई बरोबर बोलतेय. ते खडे कंपनीचेच होते. माझा संताप संताप झाला आणि तो सगळा मला नाकाने श्वास घेऊन गिळावा लागला. जाऊबाईंनी हात जोडले, कपाळाला लावले, घराच्या दिशेने दाखवले. बाईला इतकंच कळलं की हे काहीतरी देवाचं आहे.

तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, “पब्लिक का मामला है तो महापालिका को पूछो, हम तो सिर्फ चलाते हैं.” तिने महापालिकेच्या माणसाला लावला. तो म्हणाला, आतलं सगळं कंपनीकडे दिलंय, त्यांना विचारा, आणि आज माझी सुट्टी आहे. मागे होडीवाल्या लोकांची रांग लागली होती. सुनेचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, ताम्हण मात्र जराही हललं नाही.

शेवटी त्या बाईने ड्रॉवरमधून गेटपासचं पुस्तक काढलं, पंप दुरुस्तीला बाहेर पाठवताना वापरतात ते. लिहिलं, दगड, पांढरे, पाच. खाली छापलेल्या दोन चौकोनांपैकी ‘परतीच्या बोलीवर’ या चौकोनात खूण केली आणि पेन आमच्यापुढे धरलं. मी मान हलवली, जोरात. सही म्हणजे कबुली, हे मला कारखान्यात कळलेलं. पण सुनेने एका हाताने ताम्हण छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने पेन घेतलं आणि सही करून टाकली. बाईने पास फाडून आमच्याकडे दिला.

वाटभर माझ्या पायांत राग होता. कुठल्या बाजूची आहे ही पोरगी? कंपन्यांचे कागद करणारी ती, तिचा हात कागदावर कसा पटकन गेला! दारात तिच्या पायांवर दूधपाणी घातलं, चूळ तिने तुळशीत सोडली. आत पाऊल टाकताना यांनी विचारलं, “गौर कशी आली?” रिवाजाप्रमाणे म्हणायचं, सोनपावलांनी आली. सुनेने ते म्हटलं. मी मात्र मनात म्हटलं, गेटपासवर आली.

घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, जेवणं झाली, जाऊबाई आडव्या झाल्या, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. “सही कशाला केलीस? खडे त्यांचे म्हणून लिहून दिलंस तू. उद्या तलावही त्यांचा म्हणतील आणि तुझी सही दाखवतील.”

ती घावनाचा तवा घासत होती. “आई, बाहेरचा दुसरा बोर्ड वाचला का तुम्ही? विसर्जनाच्या दिवशी तलाव बंद. सगळ्यांनी रस्त्यावरच्या हौदात विसर्जन करायचं.”

“मग?”

“मग आपल्याकडे पास आहे. परत आणून द्या असं त्यांनीच लिहिलंय. म्हणजे आपल्याला आत घ्यावं लागेल.”

चूळ तोंडात, रांग मागे, सासू डोळे वटारतेय आणि हिने उभ्या उभ्या हे सगळं पाहून घेतलं होतं. कौतुक वाटलं, हे लपवत नाही. पण हुशारी आपल्या बाजूने चालली म्हणून ती कायम आपल्याच बाजूने चालेल असं थोडंच आहे, हेही लगेच मनात आलं. तवा मी पुसून ठेवला.

विसर्जनाला गल्लीत ढोल, रस्त्यात प्लास्टिकचा निळा हौद, त्यात लोकांच्या गौरी आणि गणपती रांगेने जात होते. हौदातलं पाणी गढूळ झालं होतं. तलावाच्या गेटला बांबू बांधलेले. तीच खाकीवाली बाई होती. सुनेने पास पुढे केला. बाईने तो उलटसुलट वाचला, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि बांबू सरकवला. जिची सही आहे ती आणि सोबत एक, इतकंच म्हणाली.

आत कोणी नव्हतं. इतका रिकामा तलाव मी जन्मात पाहिला नव्हता. ढोलांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. बाई आमच्याबरोबर चालत खांबापर्यंत आली आणि पांढऱ्या खड्यांकडे बोट दाखवलं. “यहाँ रख दीजिए. मैं साइन कर देती हूँ.”

म्हणजे माझ्या गौरीने तीन दिवस हळदकुंकू, फुलं, नैवेद्य घ्यायचा आणि मग दिव्याच्या खांबाखाली माल म्हणून जमा व्हायचं. सून थांबली. या वेळी तोंडात पाणी नव्हतं, तरी बोलली नाही, फक्त ताम्हण माझ्याकडे दिलं.

मी होडीच्या पायऱ्यांवर गेले. खालच्या पायरीवर बसले, हात पाण्यात घातला आणि पाचही खडे सोडले. पांढरे होते म्हणून थोडं खाली जाईपर्यंत दिसले. पुढच्या वर्षी ये, असं म्हणायचं असतं, ते म्हटलं. रडू आलं, ते आलंच.

“आंटी, वापस करना था ना!” बाई घाबरून ओरडली.

“वापस ही किया,” मी म्हटलं. “जिसका है उसको.”

“मैं क्या लिखूँ अब? मेरी नौकरी...”

तिची नोकरी जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. “लिख, नहीं मिला,” मी म्हटलं. “बुढिया ने नहीं दिया. मेरा नाम लिख, पता लिख.” तिने पेन काढलं आणि खरंच लिहिलं.

परत येताना सून म्हणाली, “आई, आता तो पास बंद होणार नाही. वस्तू परत येईपर्यंत उघडाच राहतो.” मग जरा हसून म्हणाली, “म्हणजे पुढच्या वर्षीही आत घ्यायला कारण आहे.”

ती गंमत करतेय की करार वाचतेय, मला कळलं नाही. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढून फिरायला गेले. मी हसले नाही. ज्या काठावरून मी लग्नाच्या वर्षी कोणालाही न विचारता पाच खडे उचलून आणले, त्या काठावर आता माझा एकच हक्क शिल्लक आहे. त्यांच्या कागदावर मी चोर आहे, आणि चोरी परत करायला तरी मला आत सोडावं लागेल.